कशेडीला गाडी हळू होते

सुंदराबाईंचा उजवा हात मिटत चाललाय, हे महाडच्या फिजिओथेरपीवाल्या बाईंच्या आधी ध्यानात आलं. त्यांनी एकेक बोट धरून सरळ केलं आणि सोडलं. सोडलेलं प्रत्येक बोट मुकाट्याने आपल्या जागी जाऊन बसलं.

"मागच्या वर्षी बरा होता की हा हात," त्या म्हणाल्या. "सर घरी काहीतरी करून घ्यायचे ना यांच्याकडून? ते परत सुरू करा. एकदा सांधे धरले की मग मी तरी काय करणार?"

प्रियदर्शिनीने मान हलवली. सर घरी काय करून घ्यायचे हे बाईंना सांगायचं तिच्या ओठांवर आलं होतं, पण बाहेर आठ-दहा पेशंट खोळंबले होते, आणि आगगाडी हा शब्द तिथे त्या पांढऱ्या भिंतींत उच्चारायचा तिला धीर झाला नाही. तिने आईला रिक्षात घातलं आणि पोलादपूरचा रस्ता धरला.

तिचे वडील, काशीराम सर, महाडच्या हायस्कुलात विज्ञान शिकवायचे. ती त्यांना आबा म्हणे. मुंबईत बी.एड. करताना त्यांनी दादरच्या एका म्हाताऱ्या पारशी गृहस्थाच्या नातवाची शिकवणी घेतली होती. नातू परदेशी गेला तेव्हा म्हाताऱ्याने कौतुकाने एक पेटी त्यांच्या हातात दिली. पेटीत विलायती बनावटीची दोन लहानगी इंजिनं, एक काळं, एक हिरवं, चार-दोन डबे आणि रुळांची जुडगी. प्रियदर्शिनीच्या लहानपणी दिवाळीच्या सुट्टीत ती गाडी कॉटच्या पायांभोवती फिरायची. चकती फिरवली की रुळांत करंट वाढायचा आणि गाडी पळायची. रुळांवर दोन्ही इंजिनं ठेवली तर दोन्ही एकदमच पळायची, एकालाच थांबवायची सोय नव्हती. पुढे ती मोठी झाली, शिकली, पनवेलच्या एका कॉलेजात ग्रंथपाल झाली, आणि पेटी माळ्यावर गेली.

पेटी खाली आली ती आईला अर्धांगाचा झटका आल्यावर. उजवी बाजू गेली आणि बोलण्यात 'हां', 'नाय' असे दोन-तीनच शब्द उरले. डॉक्टर म्हणाले, बारीकसारीक वस्तू उचलायला लावा, बटणं, वाटाणे. सुंदराबाईंनी ताटलीतल्या वाटाण्यांकडे पाहिलं आणि मान वळवली. चाळीस वर्षं घर चालवलेल्या बाईला बालवाडीतल्या पोरासारखे वाटाणे उचलायचे नव्हते. आबांनी ताटली उचलून नेली, पुन्हा कधी पुढे केली नाही. दुसऱ्या दिवशी त्यांनी माळ्यावरून पेटी काढली.

भिंतीलगत कॉटच्या उंचीवर त्यांनी फळ्या ठोकून घेतल्या. बाहेरच्या खोलीतल्या टेबलापासून निघालेले रूळ दारातून आत येत, कोपऱ्यातल्या लोखंडी कपाटामागून वळत आणि आईच्या उजव्या हातापाशी संपत. डब्यात औषधाची गोळी असायची. ती आईने उचलायची. टेबल म्हणजे मुंबई, कॉट म्हणजे माहेर. आईचं माहेर खेडकडचं. आणि मधलं कपाट म्हणजे कशेडीचा घाट. आईला सांभाळणारी बयाबाई तेव्हा म्हणाली होती, सरकारला नाय जमलं ते सरांनी केलंन, कशेडीत रेल्वे आणली.

पण जुन्या पद्धतीने गाडी नीट येईना. कमी करंटवर इंजिन हलायचंच नाही आणि थोडा वाढवला की उसळी मारून सुटायचं, गोळी खाली. मग आबांनी पुण्याच्या दीपेश नावाच्या माणसाकडून नखाएवढी एक चिप मागवली. रुळांत करंट कायम चालू ठेवायचा आणि हुकूम पाठवायचा चिपला. मोटारीला किती द्यायचा हे चिप ठरवणार, अशी ती युक्ती. नव्या इंजिनांत ती नुसती बसवायची असते. जुन्यात तशी बसवली तर जळते. का जळते हे त्यांनी तिला फोनवर सांगितलं होतं, वर्गात सांगावं तसं, सावकाश.

"अगं, त्या मोटारीचा एक हात कायम अंगालाच चिकटलेला असतो. आधी तो अंगापासून सोडवायचा. मग पुढचं."

तो हात म्हणजे एका तारेची बोटभरही नसलेली स्प्रिंग. तिच्यावर सायकलच्या व्हॉल्व्हच्या रबरी नळीचा तुकडा सरकवून आबांनी ती इंजिनाच्या धातूपासून वेगळी केली, तारा जोडल्या, चिप बसवली. काळं इंजिन तयार झालं. हिरवं पेटीतच राहिलं. दोन वर्षं काळी गाडी रोज संध्याकाळी गोळी घेऊन कशेडी ओलांडत होती. मागच्या कार्तिकात आबा सकाळी चहा पिता पिता गेले. तेव्हापासून गाडी टेबलावर उभी होती, तिच्यावर बयाबाई एक स्वच्छ फडकं घालून ठेवायची.

पहिलं पुण्यस्मरण पुढच्या आठवड्यात होतं. प्रियदर्शिनीने रजा टाकलेली होतीच. बयाबाई भातकापणीला गावी कुडपणला गेली होती. घरात दोघीच. तिने आईला उशीला टेकवून बसवलं आणि फडकं काढलं.

वर्षभर पडून राहिलेल्या यंत्राला उघडून पाहिल्याखेरीज करंट द्यायचा नाही, हा आबांचा नियम. मिक्सरपासून टेबलफॅनपर्यंत तो घरात पाळला जायचा. तिने इंजिनाच्या टोपाचा स्क्रू काढला. आत आबांचं काम होतं: तारा एकमेकींना न ओलांडता वळवलेल्या, सोल्डरचे टाके मोहरीएवढे, आणि शिलाई मशीनच्या तेलाचा वास. तो वास येताच तिने टोप नाकाशी धरला. मग टॉर्च धरून पाहिलं. स्प्रिंगवरचं रबर वाळून कडक झालं होतं आणि एका जागी तडकलं होतं. तसाच करंट दिला असता तर चिप गेली असती.

पोलादपुरात ती नळी मिळेना. म्हणून शेजारच्या उज्वलाकाकूंना आईपाशी बसवून ती महाडला गेली. एस.टी. स्टँडमागे सायकलवाल्याचं जुनं दुकान, भिंतीवर डोक्याच्याही वर महापुराची रेघ अजून तशीच. म्हाताऱ्याने नळी कापून दिली, सायकल कुठली म्हणून विचारलं. तिने आबांचं नाव सांगितलं. तो कात्री हातात धरून थांबला.

"सर न्यायचे की. मी म्हनायचो, सर, सायकल तर इकलीत तुमी, नळी कशाला लागते? तर म्हनायचे, बायकोला माहेरी न्यायचीय." नळी कागदात गुंडाळून तो म्हणाला, "ऱ्हाऊ दे पोरी. सरांचं हाय."

घरी येऊन तिने तांदळाच्या दाण्याएवढा तुकडा कापला. तो स्प्रिंगवर सरकवताना तीनदा निसटला, एकदा स्प्रिंगच उडून कॉटखाली गेली, एक टाका सुटला तो पुन्हा घालताना अंगठा भाजला. आई टक लावून बघत होती. टाका थंड झाल्यावर तिने मीटर लावून मोटार आणि धातू यांच्यात काही लागत नाही ना ते तपासलं. लागत नव्हतं. चाकं स्पिरिटने पुसली. आबांनी हे तिला कधी शिकवलं नव्हतं. फोनवर ऐकलेलं आणि लहानपणी पाहिलेलं एवढ्यावर तिने ते केलं, आणि ते झालं, याचा तिला नाही म्हटलं तरी गर्व वाटला. पुढची चूक त्या गर्वाच्या पोटीच झाली असं ती नंतर स्वतःला सांगत असे.

इंजिन मात्र हललं नाही. करंट होता, चिप गरम होत नव्हती, काही जळालं नव्हतं, फक्त हुकूम ऐकत नव्हती. अशा प्रत्येक इंजिनाला एक नंबर द्यावा लागतो आणि त्याच नंबराने हाक मारली तर ते हलतं. कारखान्यातून येताना नंबर तीन असतो. तिने चकतीच्या कंट्रोलरवर तीन लावून पाहिला. आबांची जन्मतारीख, आईची, लग्नाची, तिची स्वतःची. इंजिन ढिम्म. आईच्या गोळीची वेळ होत आली तसा तिने पुण्याला दीपेशला फोन लावला.

सर गेल्याचं त्याला माहीत नव्हतं. कधी गेले, म्हणून त्याने विचारलं. मग कामाचं बोलू लागला, कदाचित त्यालाही तेच सोपं वाटलं असावं. त्याने समजावलं की चिपमध्ये नंबर घातलेले खाने असतात, प्रत्येक खान्यात एक आकडा. आठव्या खान्यात आठ लिहिलं की चिप मूळपदावर येते. दोन मिनिटांचं काम. नंबर परत तीन होईल आणि गाडी नव्यासारखी चालेल.

नव्यासारखी चालेल, हे तिला ऐकायला बरं वाटलं. तिने आठव्या खान्यात आठ लिहिलं. तीन नंबरने हाक मारली, आणि इंजिनाचा दिवा लुकलुकला. तिने चकती फिरवली. काळं इंजिन निघालं.  आईच्या डोळ्यांत पाणी आलेलं तिला इकडून दिसलं.

मग तिने डब्यात गोळी ठेवली. गाडी धक्क्याने सुटली, गोळी उडाली. दुसऱ्यांदा तिने चकती अगदी जपून फिरवली. गाडी दारातून आत गेली, कपाटामागे शिरली आणि शिरली त्याच वेगाने बाहेर आली. आईचा हात फळीवर तळवा वर करून ठेवलेला होता, मूठ मिटलेली. प्रियदर्शिनीने चकती शून्यावर आणली. गाडी जागच्या जागी गचकन थांबली, गोळी डब्यातून उसळून आईच्या मनगटावर आपटली आणि खाली गेली.

"नाय," आई म्हणाली.

दुसऱ्या दिवशी दुपारी बयाबाई नव्या तांदळाची पिशवी घेऊन आली. फडकं काढलेलं पाहून तिने गाडीच्या डब्यावरून हलकेच बोट फिरवलं आणि पाय धुवायला गेली. संध्याकाळी गाडी सुटली तेव्हा ती दाराला टेकून उभी राहिली. गाडी गचकन थांबली. बयाबाई इंजिनाकडे बघत राहिली.

"ही सरांची गाडी नव्हं, ताई."

प्रियदर्शिनीने विचारलं, म्हणजे काय.

"सरांची घाटामागं जायची आनि थितंच सर चकती सोडून द्यायचे. हात पन नाय लावायचे मंग. ती आपली येतेय, येतेय, हळू होत येतेय. मागनं तिचा आवाज आला की काकी बोटं सोडायला लागायची. एक, मंग दुसरं. गाडी हितं येऊन टेकायची तवा हात उघडलेला असायचा. कदी पुढं नाय, कदी मागं नाय. सर गाडीकडं बघायचेच नाय, काकीच्या हाताकडं बघायचे. रोज कायतरी थोडं बदलायचे. पावसाळाभर चाललं होतं त्येंचं."

प्रियदर्शिनीला प्रथम कळलं नाही. मग कळलं, आणि ती उठून बाहेरच्या खोलीत गेली.

चिपमध्ये फक्त नंबर नव्हता. एका खान्यात सुटायला किती वेळ घ्यायचा ते होतं, एका खान्यात थांबायला किती. चाळीस-पन्नास खाने. त्यांत आबांनी आईचा हात भरला होता, त्याची गती, त्याचं अडखळणं, कुठलं बोट आधी सुटतं आणि कुठलं हट्ट करतं. पावसाळाभर रोज संध्याकाळी बघून बघून. कुठे लिहून ठेवलं नव्हतं. लिहायची गरजच नव्हती, ते गाडीतच होतं. गाडी ते वर्षभर टेबलावर फडक्याखाली सांभाळून होती, आणि प्रियदर्शिनीने ते दोन मिनिटांत पुसलं होतं.

आणि त्या कंट्रोलरवर नंबर होते तरी किती? एक ते नव्व्याण्णव. ओळीने एकेक लावत गेली असती तर एका दुपारी कधीतरी गाडी आपणहून हलली असती. आयुष्यभर कपाटांतली पुस्तकं नंबराने शोधणाऱ्या बाईला हे सुचलं नव्हतं. तिने वाढदिवस लावून पाहिले होते.

तिने दीपेशला पुन्हा फोन केला. पुसलेलं परत आणता येतं का? तो हळू आवाजात नाही म्हणाला. मग म्हणाला, "सर दर आठवड्याला फोन करायचे, मॅडम. याहून हळू थांबवता येईल का, एवढंच. मी एकदा म्हटलं, सर, इतकं हळू कशाला, खेळणंच आहे ते. तर हसले नुसते." आकडा त्यांनी त्याला कधी सांगितला नव्हता.

त्यानंतर रोज संध्याकाळी तिने चौथ्या खान्यात आकडे भरले, थांबण्याचा खाना तो. आकडा लहान असला तर गाडी कपाटामागेच थांबे. मोठा असला तर हात ओलांडून शेवटच्या ठोकळ्याला जाऊन भिडे. हळूहळू गाडी हातापाशी टेकू लागली, गोळी डब्यात राहू लागली. पण हात मिटलेलाच असे. अंगठा थोडा हले आणि थांबे. तिने आणखी सावकाश करून पाहिलं, मग थोडं जलद.

"आई, अजून हळू हवी का?"

"नाय."

"मग जलद?"

"नाय."

आईकडे सांगायला तेवढेच शब्द होते. आणि मागच्या वर्षीच्या हाताचं माप आता या हाताला लागणार नव्हतं, हेही तिला दिसत होतं. आबा असते तर त्यांनी पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं असतं, नवा हात नव्याने शिकून घेतला असता. त्यांना सगळ्या संध्याकाळी मोकळ्या होत्या. तिची रजा रविवारी संपत होती. बयाबाईला ती चकती शिकवून जाणार होती, पण कुठला आकडा ठेवून जायचा हेच कळत नव्हतं.

पुण्यस्मरणाच्या दिवशी सकाळपासून घर भरलेलं होतं. आबांच्या फोटोला हार घातला, मेणबत्त्या लावल्या, बौद्धाचार्यांनी त्रिसरण-पंचशील दिलं. सगळ्यांबरोबर आईचे ओठ हलत होते. तिच्यातून गेलेले शब्द पाठांतरात मात्र शाबूत होते, हे पाहून एक-दोघी बायका डोळे पुसू लागल्या. महाडहून आलेले जुने विद्यार्थी फळ्यांवरचे रूळ बघून गेले. एकजण म्हणाला, सर आम्हालाही असंच शिकवायचे, कळेपर्यंत थांबायचे. जेवणं झाली. चारच्या सुमारास माणसं पांगली. उज्वलाकाकू भांडी घासू लागल्या, त्यांनाही प्रियदर्शिनीने घरी पाठवलं.

तिने डब्यात गोळी ठेवली. बयाबाईने आईचा हात फळीवर ठेवला.

गाडी सुटली, धक्का न देता. ते तरी आता जमलं होतं. दारातून आत गेली. कपाटामागे शिरताच तिने चकती शून्यावर आणली आणि हात काढून घेतला. दाराशी येऊन ती उभी राहिली, आणि यावेळी तिने गाडीकडे पाहिलं नाही. आबा बघायचे तसं आईच्या हाताकडे पाहिलं.

अंगठा सुटला. पहिलं बोट थोडं उचललं गेलं.  बोट तिथेच थरथरत राहिलं, आणि मग परत मिटलं. आईने ते पाहिलं. मग मान वर करून लेकीकडे पाहिलं, पुष्कळ वेळ; तिच्या भाजलेल्या अंगठ्यावरची पट्टी, डोळ्यांखालची वर्तुळं. त्या चेहऱ्यावर काहीतरी ठरल्यासारखं झालं.

"हां," आई म्हणाली. "हां. हां."

गाडी अजून कपाटामागेच होती.

"अशीच यायची ना?" प्रियदर्शिनीने विचारलं. आवाज तिला सरळ ठेवता आला.

"हां," आई म्हणाली, आणि डोळे मिटून घेतले.

बयाबाई वळली आणि रिकाम्याच तांब्यातून पाणी ओतायला लागली. कपाटामागून काळं इंजिन बाहेर आलं, हळू होत, आणखी हळू होत, मिटलेल्या हातापाशी येऊन टेकलं. प्रियदर्शिनीने डब्यातली गोळी उचलली आणि आईच्या डाव्या हातावर ठेवली.